‘वंश खुंटला’ : कुलवृत्तान्ताच्या भाषेची एक तपासणी

कुलवृत्तान्त हा मराठीतील एक विपुल आणि तरीही समीक्षेने फारसा न हाताळलेला ग्रंथप्रकार होय. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून कोकणातून देशावर आणि देशावरून हिंदुस्थानभर पांगलेल्या चित्पावन घराण्यांनी आपापल्या आडनावाचे असे जाडजूड ग्रंथ सिद्ध केले. पुढे इतर ज्ञातींतही हा प्रघात पडला. इतिहासाचे व समाजशास्त्राचे अभ्यासक त्यांच्याकडे साधन म्हणून पाहतात. मॉरीन पॅटरसन ह्या अमेरिकन विदुषीने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात महाराष्ट्रातील समाजरचना व सामाजिक स्थित्यंतर ह्यांच्या अभ्यासाला चित्पावनांचे कुलवृत्तान्त किती उपयोगी पडतात, हे दाखवून दिले. परंतु साधन म्हणून वापरलेल्या ग्रंथालाही स्वतःची भाषा असते. कुलवृत्तान्ताच्या बाबतीत तर कोणाला नातलग म्हणावयाचे आणि कोणाला नाही, ह्याचा निकाल ती भाषाच देऊन टाकते. हा निकाल कसा दिला जातो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या ग्रंथांमागील प्रेरणा उघड आहे. गुहागर, दापोली, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर ह्या भागांतील एखाद्या मूळ गावातून निघालेली माणसे पेशवाईत पुण्याला, तेथून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, झाशी, सागर अशी पसरली. इंग्रजी अमलात मुंबई आली आणि नंतर परदेश आले. चौथ्या-पाचव्या पिढीला आपले चुलतघराणे कोठे आहे हे ठाऊक नसते. आडनाव, गोत्र आणि कुलदैवत एवढेच सामाईक उरते. गुहागरचा व्याडेश्वर किंवा केळशीची महालक्ष्मी येथे दर्शनाला आलेली दोन अनोळखी कुटुंबे एकमेकांची आडनावे ऐकून थबकतात, त्या थबकण्याला पुढे काय उत्तर द्यावयाचे, ह्या गरजेतून कुलवृत्तान्त जन्मला. छापील प्रश्नपत्रके टपालाने धाडणे, वृत्तपत्रांतून विनंत्या करणे, पदरमोड करून गावोगाव हिंडणे, देवघरातल्या जुन्या टिपणांची नक्कल करून आणणे ही कामे ज्यांनी केली त्यांत नोकरीतून निवृत्त झालेले शिक्षक, कारकून आणि वकील पुष्कळ होते. त्यांच्या चिकाटीविषयी आदरच बाळगावयास हवा. रक्ताचे नाते असून परके झालेल्या शेकडो कुटुंबांची त्यांनी पुन्हा ओळख करून दिली, ही गोष्ट लहान नव्हे.

आता त्यांची भाषा पाहू. कुलवृत्तान्तातील व्यक्तीची नोंद बहुधा क्रियापदावाचून चालते. क्रमांक, नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, वास्तव्य, पत्नी, पुत्र, कन्या : एकापाठोपाठ एक नामे आणि त्यांमध्ये अर्धविराम. जेथे क्रियापद येते तेथे ते ठराविक असते. ‘दत्तक गेला’, ‘परागंदा झाला’, ‘वंश खुंटला’, ‘पुढील माहिती मिळत नाही’ ह्या वाक्यांना ह्या ग्रंथांत परिभाषेचेच स्थान आहे. जुन्या पिढ्यांच्या नोंदींत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. मृत्यूचे वर्ष ठाऊक नसते, पण तिथी ठाऊक असते. हे कारणावाचून नाही. वर्षाचे घराला काही काम नव्हते. श्राद्धाला तिथी लागते, म्हणून तिथी टिकली. जे विधीने मागितले ते स्मरणात राहिले, बाकीचे गळाले. कुलवृत्तान्तकारांनी विधीचे हे स्मरण छापले, आणि त्याबरोबर विधीची काही विस्मरणेही छापली.

ह्या विस्मरणांतले सर्वांत मोठे विस्मरण कन्येच्या नोंदीत दिसते. कन्या अजिबात वगळली जाते, असा आक्षेप काही वेळा घेण्यात येतो. तो खरा नाही. पुष्कळ कुलवृत्तान्तांत कन्येचे नाव, तिच्या पतीचे नाव आणि गाव दिलेले असते; तसेच पत्नीच्या माहेरचे आडनाव व तिच्या वडिलांचे नावही असते. वैवाहिक संबंधांच्या अभ्यासकाला ही माहिती अमोल वाटते ती त्यामुळेच. प्रश्न निराळा आहे. पुत्राच्या नावापुढे क्रमांक असतो व त्या क्रमांकावर पुढे त्याची स्वतंत्र नोंद असते. कन्येच्या नावापुढे बहुधा पूर्णविराम असतो.

येथे दत्तकाशी तुलना करण्याजोगी आहे. दत्तक गेलेला मुलगाही घर बदलतो आणि बापाचे नाव बदलतो. प्रसंगी त्याचे पाळण्यातले नावसुद्धा बदलते. तरीही दत्तक एकाच कुळात झालेले असेल तर ग्रंथ त्याची दोन्ही ठिकाणे सांगतो : जन्मघराण्यातून दत्तकघराण्याकडे बोट दाखवितो, आणि तेथून परत इकडे. म्हणजे घर बदललेल्या माणसाचा माग कसा ठेवावा, हे तंत्र कुलवृत्तान्तकारांना चांगले अवगत होते. लेकीच्या बाबतीत ते त्यांनी वापरले नाही एवढेच.

वापरले असते तरी वाट सोपी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. कारण विवाहसमयी तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची आपल्याकडील रीत. बापाच्या नावाच्या जागी पतीचे नाव आणि माहेरच्या आडनावाच्या जागी सासरचे आडनाव तर येतेच, परंतु स्वतःचे नावही जाते; तिन्ही पदे एका दिवसात पालटतात. परिणामी जोश्यांच्या ग्रंथात जी यमुना म्हणून आहे तीच लेल्यांच्या ग्रंथात सरस्वती म्हणून येते. पहिल्या ठिकाणी ती लेल्यांना दिलेली कन्या, दुसऱ्या ठिकाणी जोश्यांकडून आणलेली पत्नी. दोन्ही नोंदी एकाच स्त्रीच्या आहेत हे तिच्या नावावरून कळण्याचा मार्ग नाही. ते कळते केवळ दोन पुरुषांच्या जोडीवरून, बापाच्या आणि पतीच्या. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे वाच्यार्थ एक असून वाचक दोन आहेत, आणि ते दोन जोडणारा शब्द तिसऱ्याच कोणाचा तरी आहे.

मराठीच्या नातेसंज्ञांत मात्र असा पक्षपात नाही. चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे चार स्वतंत्र शब्द मराठी देते. इंग्रजीला ह्या चौघांसाठी एकच शब्द पुरतो. तथापि एक बारीक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. ‘चुलत’ हे पद स्वतःवरच पुन्हा चढते : चुलत-चुलत भाऊ म्हटले की नाते एक पिढी लांबले, पण तुटले नाही. ‘मामे-मामे’ किंवा ‘मावस-मावस’ अशी द्विरुक्ती इतक्या सहजतेने होत नाही. बापाच्या बाजूचे नाते लांबविण्याची सोय आहे. आईच्या बाजूचे नाते एका पायरीनंतर ‘लांबचे’ ह्या सैल विशेषणात विरून जाते, आणि त्यापुढे थट्टेने ‘बादरायण संबंध’ ठरते. गंमत अशी, की ज्या बाजूसाठी एवढी सोय केली त्या बाजूच्या भाववाचक नामाची काय गत झाली आहे? भाऊबंद ह्या शब्दापासून झालेली ‘भाऊबंदकी’ म्हणजे आज कलह. खाडिलकरांनी १९०९ साली नारायणराव पेशव्यांच्या वधावरील आपल्या नाटकाला तेच नाव दिले, तेव्हा कोणाला त्याचा अर्थ सांगावा लागला नसेल. उलट सोयऱ्यापासून झालेली ‘सोयरीक’ ही मात्र जुळते, होते, जमते. ज्यांच्याशी भांडावयाचे त्यांची वंशावळ छापली आणि ज्यांच्याशी जुळवावयाचे त्यांची सोडून दिली, असे म्हणणे थोडे अतिशयोक्तीचे होईल. अगदी खोटे मात्र होणार नाही.

हा दोष परंपरेचा आहे, कुलवृत्तान्तकारांचा नव्हे, असे उत्तर कोणी देईल. ते तपासून घ्यावयास हवे, कारण परंपरा ह्या बाबतीत एकमुखी नाही. सुतकाच्या गणनेत सात पिढ्यांपर्यंतच्या सपिंडांना दहा दिवस आणि त्यापुढे चौदाव्या पिढीपर्यंतच्या समानोदकांना तीन दिवस. विवाहित कन्येला आपल्या आईबापांचे सुतकही तीनच दिवस. म्हणजे ह्या हिशेबात पोटची लेक आणि कधी न पाहिलेला दहाव्या पिढीतला भाऊबंद ह्यांचे अंतर सारखे. कुलवृत्तान्त ह्याच्याही पुढे गेला. त्याने भाऊबंदाला जवळ घेतले आणि लेकीला तेथेच थांबविले. परंतु त्याच परंपरेतला महालय पाहावा. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात आई, आजी, पणजी ह्यांच्यासह मातामह व त्याच्या मागच्या पिढ्या, मामा, मावशी, आत्या, बहीण, कन्या, सासरा, गुरू अशा सर्वांना नामगोत्रपूर्वक पिंड दिला जातो. त्यासाठी जुन्या घरांतून नावांची एक यादी ठेवलेली असे. ही यादी म्हणजे लहानसा कुलवृत्तान्तच, आणि छापील ग्रंथापेक्षा ती अधिक उदार. ग्रंथ रचताना वंशवृक्षाची आकृती घेतली, महालयाची यादी घेतली नाही; ही निवड होती, अपरिहार्यता नव्हे.

इरावती कर्वे ह्यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेची प्रांतवार मांडणी केली आणि उत्तर व दक्षिण ह्यांच्या मधले महाराष्ट्राचे स्थान स्पष्ट केले. माहेरच्या त्या करमरकर. जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात आणि नाव तिथल्या नदीवरून ठेवलेले. आडनावाने मात्र त्या दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांच्या झाल्या. ब्रह्मदेशाचा उल्लेख येथे निव्वळ योगायोगाने आला असला, तरी कुलवृत्तान्ताच्या परिभाषेची खरी कसोटी पाहणारे उदाहरण त्याच देशातून रत्नागिरीला आलेल्या एका घराण्याचे आहे.

राजा थिबा ह्याला १८८५ च्या अखेरीस मंडालेहून पदच्युत करून इंग्रजांनी प्रथम मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले. तेथेच १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. त्याच्यामागे मुलगा नव्हता. चार मुली होत्या, त्यांतली धाकटी रत्नागिरीतच जन्मलेली. ठराविक साच्यात ही नोंद कशी झाली असती हे सांगावयास नको. निपुत्रिक, वंश खुंटला. प्रत्यक्षात काय झाले? थोरल्या राजकन्येला राजवाड्यात चाकरीस असलेल्या गोपाळ सावंत ह्यांच्यापासून तुतू ही मुलगी झाली. राजाचे कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशी परतले. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ साली तेथेच निवर्तली. तुतू रत्नागिरीत वाढली, पवारांच्या घरी दिली गेली, आणि तिची मुलेबाळे मराठी बोलणारी, मराठी आडनावाची झाली. धाकटी राजकन्या मौलमिनला १९३६ साली वारली. तिची संतती ब्रह्मदेशात राहिली. ब्रह्मी लोकांत आडनाव नसते, आणि लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलतही नाही. एका शाखेला दुसरीचा माग काढण्यास नावाचा कसलाही आधार नव्हता : इकडे आडनाव होते पण ते पवारांचे, तिकडे आडनावच नाही. तरीही राजाच्या मृत्यूला १०० वर्षे झाली त्या प्रसंगी, डिसेंबर २०१६ मध्ये, धाकट्या राजकन्येच्या शाखेतील मंडळी रत्नागिरीच्या समाधीपाशी आली. ‘खुंटलेला’ वंश दोन देशांत, दोन भाषांत आणि दोन धर्मांत चालू होता. अर्थात राजघराणे म्हणून त्याचे कागद राखले गेले, हे विसरता येणार नाही. खोताच्या किंवा कुळाच्या लेकीचे कागद कोणी राखले?

ह्या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणी सापडते : तलाठ्याच्या दप्तरात. कोकणातला सातबारा हा एक प्रकारचा कुलवृत्तान्तच होय. चार-दोन गुंठ्यांच्या कलमी बागेवर तीस-तीस नावे असतात, आणि ‘ए.कु.मॅ.’ ह्या आद्याक्षरांमागे एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकाची एक सबंध पिढी दडलेली असते. येथे लेक मात्र पूर्णविरामाशी थांबत नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर बापाच्या मिळकतीवर तिचे नाव वारस म्हणून चढू लागले, कधी मुख्य रकान्यात तर कधी ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात. २००५ च्या दुरुस्तीने तिला सहदायादाचा दर्जा दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयीचा संदेह दूर केला. फेरफाराच्या नोंदीत ती सासरच्या नावाने येते व कोणाची मुलगी हेही तेथे लिहिलेले असते. तिच्या पश्चात तिच्या मुलांची नावे येतात. म्हणजे कुलवृत्तान्ताने जो दुवा दिला नाही तो महसुलाने दिला. मात्र ह्या दप्तराची वाट बहुधा हक्कसोडपत्रापाशी संपते. बहिणीने भावाच्या लाभात सही केली की तिचे नाव कमी होते, आणि जमिनीच्या हक्काबरोबर तिच्या वंशजांचा शेवटचा लिखित धागाही पुढच्या उताऱ्यातून नाहीसा होतो. जुना फेरफार शोधून काढणारा कोणी निघाला तरच तो पुन्हा हाती लागावयाचा.

काही घराण्यांच्या अलीकडील आवृत्त्यांत मुलींच्या शिक्षणाची व कर्तृत्वाची नोंद अधिक विस्ताराने येते, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. लेकीला गौरवाचे चार शब्द देणे वेगळे आणि क्रमांक देणे वेगळे. एका आडनावाच्या ग्रंथाने सर्व कन्यांचे वंशही द्यावेत, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. चार पिढ्यांत ग्रंथ हाताबाहेर जाईल. व्यवहार्य आहे ती सूची. आजवर छापलेल्या कुलवृत्तान्तांतील कन्या आणि पत्नी ह्यांच्या नोंदी समोरासमोर ठेवून बापाचे नाव, पतीचे नाव, गाव आणि अदमासे वर्ष ह्या चार पदांवर त्यांची सांगड घालणारी. जोश्यांची यमुना आणि लेल्यांची सरस्वती ही एकच, एवढेच ती सूची सांगेल. पण तेवढ्याने आडनावाच्या भिंतीत सुटे पडलेले ग्रंथ एकमेकांत उघडतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाला दोन-तीन वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातील मूळ गावांपुरते हे काम करणे अशक्य नाही.

सांगड न जुळणाऱ्या नोंदी पुष्कळ निघतील. त्यांच्यासाठी ग्रंथ सोडून गावात जावे लागेल, आणि तेथे वयाच्या ऐंशीपुढील बायकांना विचारावे लागेल. कारण माहेरचे नाव आणि सासरचे नाव ही दोन्ही एकत्र ठाऊक असलेल्या बहुधा त्याच आहेत.