‘आकुंचन’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञा वस्तूला केवळ नाव देत नाही. त्या वस्तूविषयीची एक समजूतही ती वाचकाच्या मनात रुजविते. पुढील संशोधनाने ती समजूत सदोष ठरली तरी संज्ञा मागे उरते. स्नायूच्या कार्यासाठी मराठीत रूढ असलेली ‘आकुंचन’ ही संज्ञा अशांपैकीच होय.

संस्कृत ‘कुञ्च्’ धातूचा अर्थ वाकणे, आखडणे असा आहे. वैशेषिकांनी मानलेल्या पाच कर्मांत आकुंचनाची गणना होते. प्रशस्तपादाच्या विवेचनानुसार सरळ वस्तूचा अग्रभाग मुळाकडे येऊन ती वाकडी होणे म्हणजे आकुंचन. कोपरातून दुमडणाऱ्या हाताला हे वर्णन यथार्थपणे लागू पडते. ज्या इंग्रजी शब्दाला ही संज्ञा पर्याय म्हणून आली, त्याच्या लॅटिन मुळात मात्र ‘एकत्र ओढणे’ हा अर्थ आहे. मराठीत आखडणे आले, ओढणे हरपले.

हे हरपणे किती महागात पडते, ते स्नायूची सूक्ष्मरचना पाहिली म्हणजे कळते. हाडांना जोडलेल्या स्नायूच्या तंतूत गडद आणि फिकट असे आडवे पट्टे आळीपाळीने दिसतात. गडद पट्ट्यात मायोसिनचे जाड तंतुक असतात. फिकट पट्ट्यातून निघालेले ॲक्टिनचे बारीक तंतुक त्यांच्यामध्ये शिरलेले असतात. १९५४ साली ‘नेचर’च्या एकाच अंकात अँड्र्यू हक्स्ली व रोल्फ नीडरगेर्के यांनी आणि ह्यू हक्स्ली व जीन हॅन्सन यांनी स्वतंत्रपणे दाखविले की, स्नायू आखूड होताना गडद पट्ट्याची रुंदी जवळजवळ कायम राहते, अरुंद होतो तो फिकट पट्टा. म्हणजेच तंतुक आखडत नाहीत, ते एकमेकांच्या अंगावरून सरकतात. सुमारे १.६ मायक्रोमीटर लांबीचा जाड तंतुक तेवढाच राहतो. मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात आणि सोडतात. सोडण्यासाठी एटीपीचा नवा रेणू लागतो. मृत्यूनंतर तो मिळेनासा झाला की पकड सुटत नाही आणि देह ताठरतो.

संज्ञेची खरी अडचण पुढेच आहे. भरलेली बादली हातात स्थिर धरली असता दंडाच्या स्नायूची लांबी बदलत नाही. जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताण धरूनच लांबत जातो. शरीरक्रियाविज्ञान या दोहोंनाही आकुंचनच म्हणते. ‘लांबत जाणारे आकुंचन’ हा मराठीत वदतोव्याघात होय. तो वाचून गोंधळणाऱ्या विद्यार्थ्याची बुद्धी कमी पडत नाही. त्याने शब्दाचा अर्थ प्रामाणिकपणे घेतलेला असतो.

रूढ संज्ञा टाकून द्यावी असा याचा निष्कर्ष नव्हे. संपूर्ण स्नायूच्या आखूड होण्यास ‘आकुंचन’, तंतुकांच्या गतीस ‘सरकणे’ आणि निर्माण होणाऱ्या बलास ‘ओढ’ असे तीन शब्द वेगळे राखले, तरी पुरे. दृष्टांतही बदलावा लागेल. स्नायूला रबराची उपमा देण्याचा मोह पडतो. पण रबराचा पदार्थच ताणतो आणि आखडतो. विहिरीतून पोहरा शेंदण्याचा दृष्टांत अधिक जवळचा आहे. शेंदताना दोर आखूड होत नाही. हातामागून हात दोर धरतो, ओढतो, सोडतो आणि पोहरा वर येतो. ‘शेंदणे’ हे क्रियापद मराठीत पूर्वापार आहे. परिभाषेने त्याची दखल घेतलेली नाही, एवढेच.