पात्राचा स्वभाव, खेळाचा मेळ

खांदेरी-उंदेरी समोर दिसतात अशा थळच्या आमच्या ओटीवर यंदा दिवाळीत नातवंडांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मांडला. गायगॅक्स व आर्नेसन या अमेरिकन जोडीचा हा १९७४ सालचा खेळ. रंगमंच नाही, संहिता नाही. एकजण कथा सांगतो, बाकीचे आपापली पात्रे बोलून वठवतात. यशापयश फासे ठरवतात.

नातू चोर झाला होता. त्याने सोबत्यांचीच थैली लांबवली. धाकटी रडवेली झाली, तर म्हणतो, “माझं पात्रच तसं आहे!” खेळ मोडला.

हा बचाव मला लंगडा वाटतो. नटाला नाटककाराने बांधलेले असते; इथे पात्राचा स्वभाव खेळणाऱ्यानेच ठरवलेला. १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्व व केशवराव भोसले हे प्रतिस्पर्धी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र उभे राहिले, त्यासाठी कोणी आपले गाणे टाकून दिले नाही.

चोराचा साधू करा, असे मी म्हणत नाही, तोही बेरंगच. दुसऱ्या रात्री नातवानेच तोड काढली : गुहेतून आपल्याला खांद्यावर वाहून आणणाऱ्यांची थैली हा चोर शिवत नाही. चोर चोरच राहिला. फक्त आता तो माणूसही झाला. धाकटी पुन्हा खेळायला बसली.