चांगली टीम असली की बर्नआउट कमी होतो? एक पेपर नीट वाचूया

पशुवैद्यकीय क्षेत्रातल्या नेतृत्वावर रिव्ह्यू लिहायला घेतलात, तर मूर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा पेपर तुमच्यासमोर येण्याची शक्यता बरीच आहे. तो अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या ४८ पेट क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या २७४ जणांनी प्रश्नावली भरली. टीम किती चांगली चालते आणि त्याचा कामातल्या समाधानाशी, बर्नआउटशी काय संबंध आहे, हे त्यात तपासलं.

आधी जमेची बाजू. इथे फक्त डॉक्टरांना विचारलेलं नाही, टेक्निशियन आणि रिसेप्शनवरच्या लोकांनाही विचारलंय. हे महत्त्वाचं आहे, कारण बिलावरून चिडलेला मालक पहिला रिसेप्शनवरच भडकतो. निष्कर्ष थोडक्यात असा: टीमचं वातावरण आणि समाधान-बर्नआउट यांचा एकमेकांशी संबंध दिसतो.

आता खरी गोम. हाच निष्कर्ष पुढे ‘टीमला अधिकार द्या, बर्नआउट कमी होईल’ असा सांगितला, तर तो पेपरच्या पुढे जातो. का, ते बघा.

पहिलं म्हणजे हा क्रॉस-सेक्शनल अभ्यास आहे, म्हणजे सगळी मोजणी एकाच वेळची. वाईट टीममुळे माणूस थकला, की थकलेल्या माणसाला टीम वाईट वाटू लागली? या डेटातून ते ठरवता येत नाही.

दुसरं, टीमबद्दलचं मत आणि स्वतःचा थकवा, दोन्ही एकाच माणसाने एकाच प्रश्नावलीत सांगितलंय. त्या दिवशी मूड खराब असेल तर दोन्ही उत्तरं एकदम खाली येतात आणि संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. याला कॉमन मेथड बायस म्हणतात.

तिसरं, २७४ भागिले ४८ म्हणजे दर क्लिनिकमागे सरासरी जेमतेम सहा माणसं. एकाच क्लिनिकमधली उत्तरं एकमेकांसारखी असणारच. म्हणून असा कुठलाही पेपर वाचताना आधी पद्धतीच्या भागात जा आणि मल्टिलेव्हल विश्लेषण केलंय का ते पाहा.

यात नुसता तांत्रिक वाद नाही. कार्यकारणभाव गृहीत धरला की क्लिनिकचा मालक लीडरशिपची कार्यशाळा घेतो आणि रात्रपाळी, पगार, अपुरी माणसं हे सगळं तसंच राहतं. उद्या थकवा कमी झाला नाही, तर दोष टीमच्याच माथी.

ही प्रश्नावली आपल्याकडे वापरायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार पदविकाधारकाला किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणजे कोणाला किती अधिकार द्यायचे, हे फक्त साहेबाच्या स्वभावावर अवलंबून नाही. शिवाय तालुक्याचा सरकारी दवाखाना आणि खासगी पेट क्लिनिक यांत ‘टीम’ या शब्दाचा अर्थही वेगळा. त्यामुळे नुसतं भाषांतर पुरणार नाही, प्रश्नावली इथे नव्याने प्रमाणित करावी लागेल.

पेपर टाकाऊ आहे का? अजिबात नाही, सुरुवात म्हणून तो चांगलाच आहे. फक्त तुमच्या रिव्ह्यूमध्ये ‘मुळे’ लिहायच्या आधी थांबा. इथे ‘शी संबंध आढळला’ एवढंच लिहिता येतं. ‘मुळे’ लिहायचं असेल तर काही क्लिनिकमध्ये बदल करून, काहींमध्ये न करता, महिनोन्‌महिने दोन्हींची मोजणी करावी लागेल. तुमच्या प्रपोजलसाठी हा प्रश्न वाईट नाही.