क्रीडांगणापलीकडचा देह

१ जून २०१८ रोजी व्हॅटिकनच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवनविषयक विभागाने ‘गिव्हिंग द बेस्ट ऑफ युवरसेल्फ’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळ आणि मानवी व्यक्ती यांच्या नात्याचा ख्रिस्ती दृष्टिकोनातून विचार करणारा व्हॅटिकनचा हा पहिलाच स्वतंत्र दस्तऐवज होय. विभागाचे प्रमुख कार्डिनल केव्हिन फॅरल यांना पत्र लिहून पोप फ्रान्सिस यांनी त्याचे स्वागत केले होते. खेळाविषयी त्यात पुष्कळ काही सांगितले आहे. परंतु धर्मग्रामातील आबालवृद्धांनी आपले शरीर हलते ठेवावे म्हणून धर्मगुरूने नेमके काय करावे, या प्रश्नाला तो कितपत पुरा पडतो, हे आगाशीच्या भूमीवर उभे राहून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्यायाचे ठरेल. पाच प्रकरणांच्या या दस्तऐवजाचा पाया भक्कम आहे. देह म्हणजे आत्म्याची बंदिशाळा नव्हे. मनुष्य हा देह, मन व आत्मा यांचे ऐक्य आहे, ही भूमिका तो ठामपणे मांडतो. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला दिला आणि त्याच पत्रात देहाला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळातही सद्गुणाला स्थान असल्याचे प्रतिपादन केले. सदैव ताणलेले धनुष्य अखेर मोडते, ही जुनी कथा त्यांनी त्यासाठी वापरली. ही परंपरा पुढे नेत असताना दस्तऐवज खेळातील विकृतींकडे डोळेझाक करीत नाही. उत्तेजक द्रव्ये, भ्रष्टाचार, प्रेक्षकांचा उन्माद आणि देहाला केवळ वस्तू समजण्याची वृत्ती यांचा तो परखड समाचार घेतो. व्यायामशाळेच्या आरशात स्वतःलाच न्याहाळणाऱ्या आपल्या तरुणांच्या पालकांनी हे विवेचन अवश्य वाचावे.

उणीव जाणवते ती व्याख्येत. खेळ म्हणजे नियमबद्ध, क्रीडात्मक आणि इतरांच्या कामगिरीशी तुलना होणारी शारीरिक हालचाल, असे दस्तऐवज सांगतो. व्याख्या म्हणून ती चुकीची नाही. परंतु तिच्या चौकटीत खेळाडू, प्रशिक्षक, पालक व प्रेक्षक ठळकपणे दिसतात. गुडघे धरून मिस्साला येणारी साठ वर्षांची आजी, मधुमेहाने ग्रासलेला निवृत्त कारकून किंवा लोकलच्या गर्दीत रोजचे काही तास घालवणारी नोकरदार सून यांना तेथे जागा सापडत नाही. ही माणसे मैदानात उतरणार नाहीत. आणि रविवारच्या मिस्साला आपल्यासमोर बसतात ती बहुसंख्येने हीच माणसे.

याच ठिकाणी आगाशीचा अनुभव वेगळा प्रश्न विचारतो. आपल्या पूर्वजांना व्यायाम हा शब्द ठाऊक नसला तरी चालत होते. विहिरीवरचा रहाट हाकणे, केळीच्या बागा खांदणे, पानवेली बांधणे, राजेळी केळी सोलून सुकेळी वाळवणे, भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, हाच त्यांचा दिवस होता. श्रम हे त्यांच्यासाठी कर्तव्य होते, कधी शिक्षाही होती. पण शरीर कधी थांबत नव्हते. अवघ्या दोन पिढ्यांत हे चित्र पालटले. रहाटाची जागा पंपाने घेतली, वाडीची जागा इमारतीने घेतली आणि डोक्यावरच्या टोपलीऐवजी हाती कार्यालयाची पिशवी आली. मुलांनी शिकावे, सावलीत बसून काम करावे, म्हणून आईवडिलांनी घाम गाळला. त्यांची ती इच्छा पूर्ण झाली याचा आनंदच मानला पाहिजे. परंतु ताट मात्र शेतकऱ्याचेच राहिले आणि काम खुर्चीवरचे झाले.

याचे परिणाम आकड्यांतही दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज मांडण्यात आला. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, अशी संघटनेची शिफारस आहे. रोजची वीस-बावीस मिनिटे झपाट्याने चालणे, एवढाच तिचा अर्थ. त्यासाठी क्रीडांगण लागत नाही, गणवेश लागत नाही, चषकही लागत नाही.

मग धर्मगुरूचे काम कोणते? आरंभ व्यासपीठापासूनच व्हायला हवा. आपल्या प्रवचनांत देह दोनच रूपांत भेटतो : मोहाला बळी पडणारा देह आणि रुग्णशय्येवरचा देह. एकाला आपण सावध करतो, दुसऱ्याला तैलाभ्यंग करतो. या दोहोंच्या मधला, चालताबोलता, निरोगी राहू शकणारा देह हीसुद्धा परमेश्वराची देणगी आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग थोडा आणि सुभक्तीचा उपयोग सर्व बाबतींत, असा आशय आहे. आपण दुसऱ्या भागावर इतका भर देतो की पहिल्या भागात ‘थोडा’ उपयोग मान्य केला आहे, याचा विसर पडतो.

परंतु केवळ प्रवचनाने पावले उचलली जात नाहीत. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाच्या ७४ चर्चमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा दाखला येथे उद्बोधक आहे. तेथे उपदेशापुरते न थांबता मंडळीच्या कार्यक्रमांतच हालचालीची संधी निर्माण करण्यात आली आणि पाळकांचा पाठिंबा मिळवण्यात आला. लोकांनी स्वतः सांगितलेल्या फावल्या वेळच्या हालचालीत माफक वाढ दिसली. रक्तदाबावर मात्र परिणाम दिसला नाही. यश मर्यादित असले तरी धडा स्पष्ट आहे. चमत्काराची अपेक्षा ठेवू नये, आणि जे करायचे ते धर्मग्रामाच्या नित्य व्यवहारात गुंफावे.

आणि गुंफण्यासाठी आपल्याजवळ काय नाही? आगाशीचे चर्च संत जेम्स यांच्या नावे आहे. स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेला येथील त्यांच्या समाधिस्थानाकडे जगभरातून यात्रेकरू पायी जातात. यात्रेचे प्रमाणपत्र हवे असेल तर निदान शेवटचे १०० किलोमीटर चालावे लागते. पायी यात्रेकरूंचा हा आश्रयदाता आपल्या वेदीवर आहे आणि त्याच्या सणाला आपण मात्र वाहन उभे करण्यास जागा शोधत फिरतो! महाराष्ट्राला तर चालत्या भक्तीचे नवल नाही. आषाढी वारीने शतकानुशतके हेच शिकवले आहे की पायांनीही प्रार्थना होते आणि म्हातारा-तरुण एकाच दिंडीत चालू शकतात. उपवासकाळातील क्रूसाची वाट चर्चच्या भिंतींआड उरकण्याऐवजी एका आळीतून दुसऱ्या आळीत नेता येईल. ऑक्टोबरमधील जपमाळ पायी फिरवता येईल. लहान ख्रिस्ती समूहांची सभा आटोपल्यावर अर्धा तास सर्वांनी मिळून चालण्याचा नेम करता येईल. यात स्पर्धा नाही, म्हणून पराभूतही कोणी नाही.

स्त्रियांचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. वर दिलेले ५७ टक्क्यांचे प्रमाण विसरून चालणार नाही. चर्चचे पटांगण संध्याकाळी मुलांच्या ताब्यात असते; त्यांच्या आया त्या वेळी चुलीपाशी असतात. आठवड्यातून काही तास ते पटांगण दिवाबत्तीसह केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवणे हा निर्णय धर्मग्राम परिषद एका बैठकीत घेऊ शकते. मात्र त्या तासापुरते घरचे काम पुरुषांनी उचलावे, हेही त्याच बैठकीत ठरावे. अन्यथा पटांगण रिकामेच राहील. २०११ साली सुरू झालेल्या वसई-विरार महापौर मॅरेथॉनने धावण्याची हौस निर्माण केली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण मॅरेथॉन हा एका रविवारचा उत्सव आहे. देहाला मात्र वर्षाचे सर्व वार सारखेच.

दोन पथ्ये पाळावी लागतील. अजूनही वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्याला किंवा अर्नाळ्याच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहणाऱ्या कोळीण भगिनीला चालण्याचे महत्त्व सांगणे म्हणजे तिच्या कष्टांची थट्टा होईल; तिला विश्रांती हवी. दुसरे असे की, पदपथ नसलेल्या अरुंद रस्त्यावर, भरधाव वाहनांच्या कडेने वृद्धांना चालायला पाठवणे हा उपदेश नव्हे, अविचार आहे. म्हणून सुरक्षित पायवाटेची मागणी पालिकेकडे करणे हेही धर्मगुरूच्या सेवाकार्यात बसते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’साठी लोकांना रस्त्यावर आणले. तो लढा जमिनीचा आणि पाण्याचा होता. जमीन गेली की तिच्यावर वाकणारे, उठणारे, घाम गाळणारे शरीरही हळूहळू हरवते, हे आज आपण पाहत आहोत.

या सर्वांहून साधी गोष्ट धर्मगुरूच्या स्वतःच्या हाती आहे. घरांना आशीर्वाद देण्यासाठी, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेण्यासाठी जवळच्या आळीत तरी त्याने पायी जावे. चालणाऱ्या पाळकाला कळप पाहत असतो. शिवाय गाडीच्या काचेतून न दिसणारी माणसे त्याला वाटेत भेटतात.

व्हॅटिकनचा हा दस्तऐवज मौलिक आहे; त्याने खेळाडूला वेदीजवळ आणले. मात्र जो कधीच खेळणार नाही, त्याच्या देहाविषयी बोलण्याचे काम त्याने बरेचसे स्थानिक धर्मसभेवर सोडले आहे. ते काम आपले आहे. त्याला मोठा निधी लागणार नाही. सणाच्या दिवशी गाडी घरी ठेवून चर्चपर्यंत चालत येण्याची तयारी तेवढी लागेल.