'समाजस्वास्थ्य'ची उत्तरे आणि पुरुषाचे भय

र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) ह्या मासिकाचा विचार आपल्याकडे बहुधा संततिनियमनाच्या आणि अश्लीलतेच्या वादाच्या अंगाने होतो. वाचकांच्या प्रश्नांना त्यात दिलेली उत्तरे ही मराठीतील मनश्चिकित्सेची एक आरंभीची पायरी होय, इकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. ह्या उत्तरांपायीच १९३४ साली खटला उभा राहिला, डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेतले, तरी दंड झालाच.

वीर्यनाशाने पौरुष जाते ही समजूत ज्याच्या मनात भिनली, तो तरुण पहिल्या रात्री पराभूत होऊनच शयनगृहात शिरतो. ('धात' जाण्याच्या ह्या धास्तीस वैद्यकीय नाव १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी दिले.) कर्वे ती समजूत गणिताच्या प्राध्यापकास शोभेल अशा कोरडेपणाने खोडून काढीत.

अज्ञान गेले म्हणजे भय जाते, हे त्यांचे गृहीत. आणि नेमके तेच अपुरे आहे. सर्व काही ठाऊक असलेला, शरीराने निरोगी पुरुषही उणा पडतो, कारण त्या क्षणी तो भोक्ता न राहता स्वतःचा परीक्षक होतो. मास्टर्स व जॉन्सन यांनी १९७० च्या ग्रंथात हा मनातला प्रेक्षक हेरला. त्यांचा उपाय युक्तिवादाचा नव्हे. रुग्ण एकटा पुरुष नसून दांपत्य. प्रारंभी संभोगच वर्ज्य. केवळ परस्परस्पर्श, तोही काही साधण्यासाठी नव्हे. परीक्षाच रद्द, मग नापास कोण होणार?

परंतु ह्या उपायास एक खोली लागते. सेंट लुईस येथे जोडपी दोन आठवडे घरापासून दूर राहत. आपल्या जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीस जाणाऱ्या नवरा-बायकोस मुकादमाच्या हिशेबात मिळून 'एक कोयता' म्हणतात. दांपत्य हे एकक येथे मजुरीपुरते केव्हाच मान्य झाले आहे. मात्र कोपीत मुले शेजारी निजतात, आणि उजाडण्यापूर्वी फड गाठायचा असतो. स्पर्शाभ्यास करावा कोठे?

ह्या उपचारावर लिहिणाऱ्या अभ्यासकाने त्याचे दोन भाग वेगळे तपासावेत, असे वाटते. एकांत नसेल तर स्पर्शाभ्यास दुर्घट. पण संभोगाचा तात्पुरता निषेध तसा नाही. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरने तो पतिपत्नींस एकत्र बसवून सांगितला, तर निदान काही रात्री त्या पुरुषास काहीच सिद्ध करावयाचे उरत नाही, आणि त्याचे कारण त्याच्या बायकोसही ठाऊक असते.