मस्टरपासून मोबाईलपर्यंत : वनजिल्ह्यांतील रोजगार हमीच्या हजेरी-प्रशिक्षणाची चिकित्सा

मनुष्यबळ व्यवस्थापनातील वेब तंत्रज्ञानाचा विचार बहुधा कंपन्यांच्या भरती व वेतन विभागापुरताच केला जातो. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या खेड्यांत मात्र हे तंत्रज्ञान ग्रामरोजगार सेवकास आत्मसात करावे लागले. मजुरांची कामाची मागणी नोंदविणे, हजेरी घेणे, मस्टर सांभाळणे ही सर्व मनुष्यबळाचीच कामे होत. परंतु त्याच्या शिक्षणाकडे त्या दृष्टीने पाहिले गेले नाही.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. त्या काळातील कागदी मस्टर निर्दोष नव्हते. बोगस नावांच्या तक्रारी जुन्याच आहेत. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर ई-मस्टर आले आणि मे २०२१ मध्ये 'नॅशनल मोबाईल मॉनिटरिंग सिस्टिम' हे अ‍ॅप. १६ मे २०२२ पासून वीस वा अधिक मजुरांच्या कामांवर, तर १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोनदा, स्थळ व वेळेच्या खुणेसह मजुरांचे छायाचित्र पाठविणे त्यात अभिप्रेत होते.

अशा व्यवस्थेचे प्रशिक्षण म्हणजे कोणते बटण केव्हा दाबावे याचे शिक्षण, हा समज येथे मूलतः अपुरा ठरतो. अ‍ॅपमध्ये छायाचित्र नेटवर्कशिवाय घेऊन नंतर पाठविण्याची सोय होती, हे मान्य केले पाहिजे. तथापि भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्यांत 'नंतर' म्हणजे नेटवर्क मिळेल त्या ठिकाणापर्यंतची पायपीट. छायाचित्र पोहोचलेच नाही तर अपवादात्मक परिस्थितीत हाताने हजेरी चढविण्याचा अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकास, म्हणजे महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यास होता. भामरागडहून गडचिरोलीचे अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. चूक ज्याच्या हातून घडते आणि दुरुस्ती ज्याच्या हाती असते, त्यांतील हे अंतर कोणत्याही कार्यशाळेने भरून निघणारे नाही.

याहून गंभीर बाब मजुरीच्या हक्काची. मस्टर संपल्यापासून पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास विलंबाबद्दल प्रतिदिन ०.०५ टक्के भरपाईची तरतूद होती. पण जो दिवस प्रणालीत नोंदलाच गेला नाही, त्याच्या मजुरीस उशीर तरी कसा व्हावा? हजेरीच्या अभावी श्रम तर नाहीसे होतातच, त्यांची तक्रारही आधार गमावते. माडिया भाषिक मजुरास हे समजावून सांगणे आणि लेखी हरकत नोंदवून घेणे, हा प्रशिक्षणाचा गाभा असावयास हवा होता.

केवळ कडक देखरेखीने प्रामाणिकपणा येतो, ही धारणाही टिकली नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच असंबद्ध छायाचित्रे, छायाचित्राचे पुन्हा घेतलेले छायाचित्र, मजुरांच्या संख्येतील तफावत असे गैरवापराचे प्रकार नमूद करून ग्रामपंचायतीपासून पडताळणीचे आदेश दिले. म्हणजे यंत्राने काढून घेतलेले काम पुन्हा माणसाच्याच डोळ्यांकडे आले; फक्त आता ते डोळे मजुराकडे नव्हे, पडद्याकडे लागले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला असून त्यात बायोमेट्रिक ओळख व कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख आहे. नव्या प्रणालीचे प्रशिक्षण आखताना राहिलेली हजेरी तालुका पातळीवरच, ठराविक दिवसांत आणि ग्रामसभेच्या साक्षीने दुरुस्त करण्याची पद्धत पहिल्या सत्रात शिकवावी. लॉग-इन दुसऱ्या सत्रात शिकविले तरी चालेल.