एकवचन आणि बहुवचन : बॉस्टनचे शॉ स्मारक

बॉस्टन शहराच्या मधोमध ‘कॉमन’ नावाचे जुने सार्वजनिक मैदान आहे. त्याच्या कडेला, राज्याच्या विधानभवनासमोर, ब्राँझचे एक युद्धस्मारक उभे आहे. मुलाबाळांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या समाजातील मंडळींना ते हौसेने दाखवले जाते. यंदा मीही पाहिले. ते उत्तम आहे असे सर्वजण म्हणतात, आणि ते खरे आहे. पण उत्तम वस्तूचीही परीक्षा करावी, म्हणून हे चार शब्द.

आधी इतिहास. अमेरिकेच्या यादवी युद्धात मॅसॅच्युसेट्सने ५४ वी पायदळ पलटण उभी केली. शिपाई काळे, अधिकारी गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ अवघा पंचवीस वर्षांचा. २८ मे १८६३ रोजी ही पलटण याच रस्त्याने कूच करीत गेली. १८ जुलैला दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट वॅग्नरवरच्या हल्ल्यात शॉ आणि त्याचे अनेक शिपाई पडले. शत्रूने त्या सर्वांना एकाच खड्ड्यात पुरले. पुढे शॉच्या वडिलांनी कळवले की, मुलाला तेथून हलवू नये. शिपायांची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. यांना १० देऊ करून त्यांतूनही कपड्यांचे ३ कापायचे ठरले. दीड वर्ष त्यांनी तो पगार हातात घेतला नाही, लढाई मात्र सोडली नाही.

शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स याने या कामाला सुमारे चौदा वर्षे लावली. ३१ मे १८९७ रोजी स्मारकाचे अनावरण झाले. त्याच्या मनात प्रथम घोड्यावरचा एकटा शॉ होता. तसा मान सेनापतींना शोभतो, आमच्या मुलाला नको, असे घरच्यांनी म्हटले, आणि त्यामुळे शिपाई शिल्पात आले. एका कुटुंबाच्या विनयाने शिल्प मोठे झाले, असे मला वाटते.

शिपायांचे चेहरे पाहावेत. शिल्पकाराने काळ्या माणसांना समोर बसवून एकेक डोके घडवले. कोणी दाढीवाला प्रौढ, कोणी मिसरूड न फुटलेला. पुढे ढोलकी वाजवणारा पोरगा. एकासारखा दुसरा नाही. वॉशिंग्टनमध्ये १८७६ साली उभारलेल्या स्मारकात मुक्त झालेला गुलाम लिंकनच्या पायाशी गुडघ्यावर आहे. येथे कोणी गुडघ्यावर नाही. सारे खांद्यावर बंदूक घेऊन पुढे चालले आहेत.

आता उणे. शॉ आणि त्याचा घोडा जवळजवळ पूर्ण उठावाचे, शिपाई मागे आणि सपाटीकडे झुकलेले. म्हणून नजर आधी त्याच्यावरच जाते. वर एक देवदूत तरंगते आहे. खाली माणसे इतकी खरी असताना तिची गरज मला भासली नाही. वरच्या कोपऱ्यात लॅटिन बोधवाक्य आहे : गणराज्याच्या रक्षणासाठी तो सर्वस्व सोडतो. व्याकरण शिकवण्यात जन्म गेला, म्हणून तेथे थांबले. क्रियापद एकवचनी आहे! सर्वस्व सोडले ते एकट्याने काय? अमेरिकन कवी रॉबर्ट लोवेल याने १९६० च्या सुमारास या स्मारकावर कविता लिहिली, तेव्हा शिरोभागी तेच वाक्य घेऊन क्रियापद बहुवचनी केले. एका प्रत्ययात सारी टीका आली.

याहून मोठे उणे पाठीमागे आहे. तेथे पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आरंभापासून कोरलेली होती. काळ्या शिपायांसाठी स्तुतीचा मजकूर होता, नावे नव्हती. साठाहून अधिक शिपायांची नावे कोरली गेली ती १९८० नंतर, म्हणजे अनावरणाला ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर. चेहरे दिले, नावे राहिली. आणि ते चेहरे तरी त्या शिपायांचे नव्हते, नंतर समोर बसवलेल्या माणसांचे होते.

‘तो काळच तसा होता’ असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आपल्या कोरेगाव भीमाचा स्तंभ त्याहून पाऊणशे वर्षे आधीचा. तो कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी उभारला, तरी त्यावर एतद्देशीय शिपायांची नावे आहेत. ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावे त्यात वाचता येतात. ती नावे होती म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले तेव्हा त्या दगडाला नवा अर्थ मिळाला. यरुशलेमच्या हर हर्झलवर सेनापती आणि साधा सैनिक यांच्या कबरी सारख्याच. म्हणजे हे करता येते. मनात असावे लागते.

हा प्रश्न आपल्यालाही विचारावा. मुंबईच्या पलटणींत आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. १७९६ साली मांडवीला शाआर हारहमीम बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कमांडंट होते. त्यांचे नाव आपण मुलांना सांगतो, आणि सांगावेच. आपल्या घरांत सुभेदार, जमादार यांची आठवण निघते. साध्या शिपायाची किती निघते? आजोबा-पणजोबांचे नाव, गाव, पलटण ज्यांना ठाऊक आहे, असे आपल्या वयाचेच लोक उरले आहेत. नातवंडांना मराठी येत नसेल, तर हिब्रूत लिहून ठेवावे. ऐंशी वर्षे थांबण्याची सवड आपल्याला नाही.

बॉस्टनला गेलात तर पुढून शिल्प अवश्य पाहा. मग वळसा घालून पाठीमागे जा आणि ती नावे मोठ्याने वाचा.